मेमरी कार्ड घेताना आणि वापरताना



गणेशोत्सव, अनंत चतुर्दशीच्या रात्रीच्या झांक्या, मग दिवाळी आणि तिच्या पाठोपाठ शाळेचे स्नेहसंमेलन. आपल्या इंदूरच्या मराठी घरांत कॅमेरा कपाटातून बाहेर निघण्याचे हे दिवस. शाळेच्या कार्यक्रमांचे चित्रीकरण सांभाळणाऱ्या आम्हा काही पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना या दिवसांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : "कार्ड कोणते घ्यावे?" यंदा या प्रश्नाला जरा अधिक महत्त्व आहे. आठवी-नववीच्या मुलांनी आपापल्या घरातील वडीलधाऱ्यांचे बोलणे चित्रित करावे, असा उपक्रम शाळेने योजला आहे. हिंदीच्या शेजारी वाढलेली आपली इंदुरी मराठी आज ज्यांच्या तोंडी आहे, ती मंडळी ऐंशीच्या पुढे गेली आहेत. नाटकाची तालीम पुन्हा घेता येते. आजोबांनी रंगात येऊन सांगितलेली गोष्ट पुन्हा तशीच सांगितली जात नाही. ती ज्या नखाएवढ्या तुकड्यावर साठते, त्याची थोडी माहिती सर्वांना असावी म्हणून हा लेखप्रपंच.

कार्डाच्या आत काय असते?

मेमरी कार्डात फिरणारा किंवा हलणारा एकही भाग नसतो. आत दोन गोष्टी असतात. एक, माहिती साठवणारी चिप. तिच्यातील अतिसूक्ष्म पेशींमध्ये विद्युतभार अडकवून ठेवला जातो आणि त्या भाराच्या पातळीवरून माहिती वाचली जाते. वीज बंद झाली तरी हा भार जागेवर राहतो. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही फ्लॅश मेमरी शोधली. दुसरी गोष्ट म्हणजे नियंत्रक, म्हणजे एक चिमुकला संगणकच. कोणती माहिती कोणत्या पेशीत ठेवायची, खराब झालेल्या पेशी कशा टाळायच्या, एकाच जागी वारंवार लिहिले जाऊ नये म्हणून काम सगळीकडे कसे वाटायचे, हे सर्व तो पाहतो. कार्डाची एकूण जागा किती, हेही कॅमेऱ्याला तोच सांगतो. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण बनावट कार्डांचा सगळा खेळ तिच्यावरच चालतो.

प्रकार ओळखा

पंचवीस वर्षांपूर्वी प्रत्येक कंपनीचे कार्ड निराळे होते : कॉम्पॅक्ट फ्लॅश, सोनीचे मेमरी स्टिक, ऑलिंपस व फुजीफिल्मचे एक्सडी. सॅनडिस्क, पॅनासॉनिक (तेव्हाची मात्सुशिता) आणि तोशिबा यांनी १९९९ मध्ये एसडी कार्ड जाहीर केले आणि पुढे तेच बाजारात टिकले. आज घरगुती कॅमेऱ्यांत एसडी आणि मोबाइल, ड्रोन किंवा सीसीटीव्हीत त्याचेच धाकटे रूप असलेले मायक्रोएसडी लागते. त्यांतही क्षमतेनुसार पिढ्या आहेत.

• एसडी : २ जीबीपर्यंत
• एसडीएचसी (२००६) : २ जीबीच्या वर, ३२ जीबीपर्यंत
• एसडीएक्ससी (२००९) : ३२ जीबीच्या वर, २ टीबीपर्यंत
• एसडीयूसी (२०१८) : २ टीबीच्या वर, १२८ टीबीपर्यंत

नियम साधा आहे. नवा कॅमेरा जुने कार्ड ओळखतो, पण जुना कॅमेरा नवे कार्ड ओळखेलच असे नाही. २००५ च्या सुमारास घेतलेल्या कॅमेऱ्यात ६४ जीबीचे कार्ड घालून "कार्ड खराब निघाले" म्हणणारे पालक आम्हाला भेटतात; कार्ड बिचारे ठणठणीत असते. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत कोणता प्रकार आणि जास्तीत जास्त किती क्षमता लिहिली आहे ते पाहावे.

जुन्या कार्ड रीडरचीही हीच गोष्ट. त्यात नवे कार्ड घातले की संगणक "हे कार्ड फॉरमॅट करायचे का?" असे विचारतो. अशा वेळी 'हो' म्हणू नये. कार्ड काढावे आणि नव्या रीडरमध्ये लावून पाहावे. आतील चित्रीकरण बहुधा सुखरूप असते.

कार्डावरच्या खुणा वाचा

कार्डावर सर्वांत मोठ्या अक्षरांत जो वेग छापलेला असतो, उदाहरणार्थ १७० एमबी प्रति सेकंद, तो बहुतेक वेळा वाचण्याचा कमाल वेग असतो. चित्रीकरणाला लागतो लिहिण्याचा वेग, आणि तोही कमाल नव्हे, तर सतत टिकणारा किमान वेग. त्याची हमी बाजूच्या छोट्या खुणा देतात.

• वर्तुळासारख्या सी अक्षरात १० : सेकंदाला किमान १० एमबी
• यू अक्षरात १ : किमान १० एमबी
• यू अक्षरात ३ : किमान ३० एमबी
• व्ही ३०, व्ही ६०, व्ही ९० : अनुक्रमे किमान ३०, ६० व ९० एमबी

आता कॅमेऱ्याला किती वेग हवा? इथे एक घोटाळा नेहमी होतो. कॅमेऱ्याचा आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि कार्डाचा मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून कॅमेऱ्याच्या आकड्याला आठाने भागावे. फोर-के चित्रीकरणासाठी कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट लिहीत असेल, तर १०० भागिले ८ म्हणजे १२.५ एमबी. व्ही ३० किंवा यू ३ कार्ड हे काम आरामात करते; केवळ १० ची हमी असलेले कार्ड मात्र मध्येच मागे पडू शकते. मागे पडले की कॅमेरा चित्रीकरण आपोआप थांबवतो, आणि आपले लक्ष रंगमंचाकडे असल्याने ते कळतही नाही. साध्या फुल एचडीला बहुधा १० ची हमी पुरते, तरी आज व्ही ३० कार्डे सर्रास मिळतात, तेव्हा तेच घेणे सोयीचे. व्ही ६० आणि व्ही ९० ही महागडी कार्डे व्यावसायिक कॅमेऱ्यांसाठी आहेत. यूएचएस-२ प्रकारच्या कार्डाच्या पाठीवर संपर्कपट्ट्यांच्या दोन ओळी असतात. कॅमेऱ्यात ती सोय नसेल तर ते कार्ड चालते, पण यूएचएस-१ च्याच वेगाने. जादा पैसे वाया जातात. ए १ आणि ए २ या खुणा मोबाइलमधील ॲपसाठी आहेत; कॅमेऱ्यासाठी त्या पाहण्याचे कारण नाही.

किती जागा लागेल?

याचाही हिशेब वरच्याच रीतीने होतो. एक तासाच्या चित्रीकरणाला साधारण पुढीलप्रमाणे जागा लागते.

• २४ मेगाबिटला : सुमारे ११ जीबी
• ५० मेगाबिटला : सुमारे २२.५ जीबी
• १०० मेगाबिटला : ४५ जीबी

आपले स्नेहसंमेलन चार तास चालते. ५० मेगाबिटने चित्रीकरण केले तर ९० जीबी झाले. म्हणजे ६४ जीबीचे एक कार्ड पुरणार नाही. दोन हवीत किंवा १२८ जीबीचे एक. आमचे मत विचाराल तर दोन घ्यावीत. मध्यंतरात कार्ड बदलावे लागते हे खरे, पण एक कार्ड बिघडलेच तर निम्मा कार्यक्रम तरी हाती राहतो. कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय असेल तर दोन्हींवर एकाच वेळी नोंद होईल अशी रचना करावी. तिच्याइतका भक्कम उपाय दुसरा नाही. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या रात्रभर चालतात, तेव्हा सुटे कार्ड खिशात हवेच.

६४ जीबीचे कार्ड संगणकात ५९.६ एवढेच दिसले तर फसवणूक झाली असे समजू नये. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक १०२४ च्या पटीत. जागा तीच असते.

तसेच लांबलचक चित्रीकरणाचे संगणकावर चार-चार जीबीचे तुकडे दिसतात तेही बिघाडामुळे नव्हे. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांच्या मांडणीत एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे, म्हणून कॅमेरा नवी फाइल सुरू करतो. सर्व तुकडे उतरवून घ्यावेत, म्हणजे झाले.

बनावट कार्डे

आता मुख्य धोक्याकडे वळू. बाजारात आणि घरपोच विक्रीतही नामांकित कंपन्यांच्या नावाची बनावट कार्डे येतात. वेष्टन हुबेहूब असते. आत मात्र ८ किंवा १६ जीबीची चिप असते आणि तिच्या नियंत्रकाला "मी १२८ जीबीचा आहे" असे खोटे बोलायला शिकवलेले असते. कॅमेरा त्यावर विश्वास ठेवतो, संगणकही ठेवतो.

फसवणूक लगेच का कळत नाही, हे समजून घ्यावे. पहिले काही जीबी खरोखर नीट साठतात. खरी जागा संपली की पुढे लिहिलेले काही कार्डांत सरळ हरवते, तर काहींत ते आधीच्या माहितीवर चढते. फाइलींची यादी मात्र सुरुवातीच्या भागात असल्याने शाबूत राहते. त्यामुळे नाव दिसते, आकार दिसतो, तारीख दिसते. उघडायला जावे तर काहीच नाही. एका पालकांनी लग्नसमारंभासाठी स्वस्तात १२८ जीबीचे कार्ड घेतले होते. सीमांतपूजन दिसले, अक्षता पडेपर्यंतचे दिसले. सप्तपदीपासून पुढे नुसत्या फाइलींची नावे. विक्रेत्याने पैसे परत दिले. त्या पैशांचे काय करायचे, हा प्रश्न त्यांनी आम्हाला विचारला आणि आमच्याकडे उत्तर नव्हते.

म्हणून खरेदी करताना एवढे करावे :

१. जेल रोडवर घ्या की घरबसल्या मागवा, कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे आणि जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. बिलाशिवाय हमीला अर्थ नाही.

२. अवाच्या सवा स्वस्त कार्डाकडे पाहूही नये. मायक्रोएसडीत २ टीबीची खरी कार्डे आता निघाली आहेत, पण त्यांची किंमत अनेक हजारांत आहे. तेवढ्याच क्षमतेचे कार्ड कोणी पाचशे रुपयांत देत असेल तर ते खोटेच समजावे.

३. छपाई पाहावी. पुसट अक्षरे, चुकलेली स्पेलिंग, वेष्टनावर एक क्षमता आणि कार्डावर दुसरी, असे काही दिसले तर परत करावे.

४. कंपन्या दहा वर्षांची किंवा आजीवन हमी देतात. ती कार्डाची असते, आतील चित्रांची नसते. बिघडल्यास नवे कार्ड मिळेल. आजीचा आवाज मिळणार नाही.

तपासणी : एक तास खर्च करावाच

वेष्टन कितीही चांगले असले तरी खरी खात्री एकाच रीतीने होते. कार्ड काठोकाठ भरायचे आणि भरलेले सगळे परत वाचून पाहायचे. याची मोफत साधने आहेत. विंडोज संगणकासाठी एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्स व मॅकसाठी एफ३. ही साधने रिकाम्या कार्डावर ठराविक माहिती लिहितात, ती पुन्हा वाचतात आणि जुळली की नाही ते सांगतात. सेकंदाला २० एमबी वेगाने लिहिले तर ६४ जीबी भरायला सुमारे ५३ मिनिटे लागतात. वाचायला त्याहून कमी. सगळे मिळून तासाभराचे काम. संगणक त्याचे काम करीत राहतो, आपण आपले करावे.

संगणक हाताशी नसेल तर घरगुती उपाय आहे. कॅमेरा तिपाईवर ठेवून, वीज जोडून, कार्ड भरेपर्यंत चित्रीकरण चालू ठेवावे. कॅमेरा थोड्या वेळाने आपोआप थांबत असेल तर पुन्हा सुरू करावा. मग पहिले, मधले आणि शेवटचे चित्रीकरण लावून पाहावे. तिन्ही नीट दिसली तर कार्डावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येईल.

हे काम कार्यक्रमाच्या आदल्या रात्री नको. खरेदी केल्याच्या आठवड्यातच करावे, म्हणजे दोष आढळल्यास परत करण्याची मुदत शिल्लक असते.

वापरातील पथ्ये

चांगले कार्डही हयगयीने बिघडते. पुढील पथ्ये मुलांनाही सांगावीत.

• कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकत असताना कार्ड किंवा बॅटरी काढू नये. लिहिणे अर्धवट राहिले की फाइलींची यादीच बिघडते. बॅटरी संपत आली असेल तर आधीच बदलावी.

• कार्ड ज्या कॅमेऱ्यात वापरायचे त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करावे, संगणकात नव्हे. आतील सर्व माहिती अन्यत्र उतरली आहे याची खात्री केल्यावरच.

• मायक्रोएसडी कार्ड अडॅप्टरमध्ये घालून कॅमेऱ्यात चालते, पण जोड जितके जास्त तितक्या अडचणी जास्त. महत्त्वाच्या कार्यक्रमाला पूर्ण आकाराचे एसडी कार्डच वापरावे.

• एसडी कार्डाच्या कडेचे छोटे कुलूप खाली सरकलेले असेल तर चित्रीकरण सुरू होत नाही. घाबरू नये, ते वर करावे.

• पितळी पट्ट्यांना बोट लावू नये. कार्ड सुटे खिशात न ठेवता डबीत ठेवावे.

• घराच्या सीसीटीव्हीत किंवा गाडीच्या कॅमेऱ्यात चोवीस तास लिहिणे चालते. प्रत्येक पेशी ठराविक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येते, म्हणून तिथे साधे कार्ड लवकर झिजते. त्यासाठी 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेली वेगळी कार्डे मिळतात. तिथून काढलेले झिजके कार्ड संमेलनाच्या कॅमेऱ्यात घालू नये.

चित्रीकरण झाल्यावर

मेमरी कार्ड ही टपालवाल्याची पिशवी आहे, तिजोरी नाही. पत्र घरी पोहोचेपर्यंत ते तिच्यात राहावे, कायमचे नव्हे. कार्यक्रम संपला की त्याच रात्री सर्व फाइली संगणकावर आणि वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवाव्यात. नुसती नावे पाहून थांबू नये. चार-दोन फाइली उघडून शेवटपर्यंत पाहाव्यात. तिसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवावी : पुण्याच्या मामाकडे, भोपाळच्या आत्याकडे, कुठेही. घरात पाणी शिरले किंवा चोरी झाली तरी ती प्रत राहते. हे सर्व झाल्यावरच कार्ड रिकामे करावे.

व्हॉट्सॲपवर पाठवलेले चित्रीकरण ही प्रत नव्हे. पाठवताना ते दाबून लहान केले जाते आणि त्याचा मूळ दर्जा जातो. पेन ड्राइव्हही कार्डाच्याच जातीचा आहे. फक्त त्यावर विसंबू नये.

चुकून काही पुसले गेलेच तर पहिला नियम : त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नये. पुसताना बहुधा फाइलचा यादीतील उल्लेख तेवढा जातो. मजकूर नवे काही त्यावर लिहिले जाईपर्यंत पेशींत राहू शकतो. कार्ड काढून कुलूप लावावे. फोटोरेक नावाचे मोफत साधन संगणकावर वापरून पुष्कळदा फोटो परत मिळतात. मिळालेल्या फाइली त्याच कार्डावर न ठेवता संगणकावर ठेवाव्यात. चित्रीकरणाच्या मोठ्या फाइली मात्र तुकड्यांत विखुरलेल्या असल्या तर नीट जुळत नाहीत, त्यामुळे या उपायावर भिस्त ठेवू नये.

कपाटातली जुनी कार्डे

शेवटी सर्व माजी विद्यार्थ्यांना एक आग्रहाची विनंती. २००० ते २०१० या काळातील डिजिटल कॅमेरे अनेक घरांत पडून आहेत आणि त्यांत कार्डे तशीच आहेत. पेशींत अडकवलेला विद्युतभार वर्षानुवर्षे हळूहळू झिरपत असतो, उन्हाळ्याच्या उकाड्यात अधिकच. त्या कार्डांवर जुनी संमेलने असतील, पाडलेले वाडे असतील, आज नसलेले गुरुजी आणि बाई असतील. एक्सडी आणि मेमरी स्टिकचे रीडर मिळणे दिवसेंदिवस कठीण होत आहे. तेव्हा या सुट्टीतच ती कार्डे काढावीत आणि आतील सर्व उतरवून घ्यावे. ज्यांच्याकडे रीडर नसेल त्यांनी कार्ड कॅमेऱ्यासकट शाळेच्या कार्यालयात आणून द्यावे. आम्ही आपल्यासमोर उतरवून कार्ड लगेच परत देऊ. शाळेच्या संग्रहासाठी एखादा फोटो ठेवायचा की नाही, ते आपण ठरवावे.

उपक्रमात भाग घेणाऱ्या मुलांनी चित्रीकरणाच्या आठ दिवस आधी आपले कार्ड तपासणीसाठी आणावे. शाळेच्या संगणक कक्षात शनिवारी दुपारी ही सोय ठेवली आहे. आजी-आजोबांना बोलते करण्याचे काम तुमचे. त्यांचे बोलणे जपून ठेवण्याच्या कामी आम्ही मदतीला आहोत.